शहर सोडण्याची तयारी

"जाईन की. एकटीसुद्धा जाईन," असं माझी बायको पलीकडच्या खिडकीतल्या माणसाला म्हणाली, आणि मी माझ्या खिडकीत सही करता करता नावाच्या मधोमध थांबलो. रोजगार कार्यालयात दोन खिडक्यांमध्ये धुरकट काचेचा आडोसा असतो. पलीकडचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा रंग दिसतो. आवाज मात्र सगळा येतो. दानुताचा हिरवा कोट काचेत पाण्याखाली गेल्यासारखा दिसत होता आणि त्या हिरव्या डागातून हे वाक्य आलं होतं. प्रश्न मला पाठ होता. नोकरीसाठी शहर सोडण्याची तयारी आहे का, हा तो प्रश्न. उत्तरही पाठ होतं, कारण ते आम्ही दोघांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ठरवलं होतं. ठरलेलं उत्तर 'नाही' असं होतं. पाचच मिनिटांपूर्वी मी ते माझ्या खिडकीत देऊन मोकळा झालो होतो, वर माझ्या खिडकीमागच्या बोझेनाबाईंनी अडचण काय म्हणून विचारलं तेव्हा, "बायको. ती या शहरातून हलायची नाही," अशी स्वतःची भरही घातली होती. आणि आता ती न हलणारी बायको काचेपलीकडे कुणा पोराला सांगत होती की एकटीसुद्धा जाईन. आवाज तक्रारीचा नव्हता, रागाचाही नव्हता. नव्या बुटांत पाय घालून पाहताना माणूस जसा बोलतो तसा होता. तो आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, आणि ज्याला तो फुकटात ऐकायला मिळाला त्याचं तोंडही मला काचेतून दिसत नव्हतं.

"सही पूर्ण करा," बोझेनाबाई म्हणाल्या. मी पूर्ण केली. त्यांनी एक कळ दाबली, यंत्राने जरा विचार केला, आणि त्या म्हणाल्या, "तिसरा." मी मान डोलावली. तिसराच हवा होता. आमच्या वाउब्झिख गावात आधी खाणी गेल्या, मग आमचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना गेला, तेव्हापासून या गावाला रांगेत उभं राहायची आणि रांगेत उभं राहून हिशेब करायची सवय आहे; त्यामुळे कार्यालयाने माणसांचे तीन गट पाडायला सुरुवात केल्यावर कुठल्या गटात काय मिळतं याचा हिशेब लोकांनी कार्यालयाच्याही आधी मांडला. आमच्या इमारतीत तो मांडला दुसऱ्या मजल्यावरच्या स्टेफानियाबाईंनी. जिन्यात खुर्ची टाकून त्या सगळ्यांची तयारी करून घ्यायच्या. "हे बघा, पहिला गट म्हणजे हुशार, उत्साही, आपलं आपण बघून घेणारे. त्यांना पत्त्यांचा एक कागद आणि शुभेच्छा. दुसरा म्हणजे इच्छा आहे पण ढकलावं लागतं. त्यांना सल्लागार, शिक्षण, कुठेतरी चिकटवणं. तिसरा म्हणजे वाया गेलेले. त्यांना काही नाही, पण दवाखान्याचा विमा चालू राहतो आणि कुणी त्रास देत नाही. ज्याला शिकायचंय त्याने थोडं रडायचं, थोडं हसायचं. ज्याला शांतता हवी त्याने नुसतं रडायचं. आणि उत्साह जपून दाखवा. ओसंडून दाखवलात की पहिल्यात टाकतील, मग बसा शुभेच्छा चावत." मला शांतता हवी होती. मी ओळखीपाळखीत न्हाणीघरांच्या फरशा बसवायचो, त्याची पावती नसायची, आणि रोज कुणी बोलावून घेतलं असतं तर माझं कालवलेलं सिमेंट वाळून गेलं असतं. दानुतालाही शांतता हवी असं मी धरून चाललो होतो. तिला विचारलं नव्हतं. पण टेबलावर ती माझ्यासोबत 'नाही' म्हणत गेली होती, आणि त्यात मला होकार ऐकू आला होता.

बाहेर पायऱ्यांवर ती रुमाल बांधत होती. "कुठला?" मी विचारलं. "दुसरा," ती म्हणाली. "चुकलीस का?" "कशात?" "शहर सोडायच्या प्रश्नाला. 'नाही' ठरलं होतं." तिने गाठ मारली, सैल केली, परत मारली. "तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "घरी जाताना बटाटे घ्यायचेत का?" बटाटे घेतले. पिशवी मी उचलली. वाटेत तिने बडीशेपही घेतली, भाव करून घेतली, आणि मी तिच्याकडे असा बघत होतो जसं एखाद्या ताटाकडे बघावं, जे रोज हातातून जातं आणि ज्याच्या तळाला काय छापलंय ते आपण कधी उलटून पाहिलेलं नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. उलटून पाहणं हाच माझा धंदा होता. कारखान्यात मी छाननीच्या खोलीत होतो. ताट बोटांच्या टोकांवर तोलायचं, लाकडी काडीने कडेला हलकं टिचकवायचं आणि ऐकायचं. नाद लांबला तर पहिली प्रत, थोडा आखडला तर दुसरी, बद्द वाजला तर तिसरी. पहिली प्रत परदेशात जायची, दुसरी दुकानात, तिसरी आमच्या घरी. या गावात तिसऱ्या प्रतीच्या ताटात जेवला नाही असा माणूस सापडायचा नाही. दानुता वरच्या मजल्यावर रंगकामात होती, ताटांना सोन्याची कड काढायची. ते सोनं लावताना सोनं दिसत नाही, काकवीसारखं तपकिरी असतं. भट्टीतून निघतं तेव्हा सोनं होतं. त्यामुळे कड काढणारीला आपण काय काढतोय ते काढताना दिसत नाही, हातावर भरवसा ठेवावा लागतो. मी नवा होतो, कडक होतो, आणि एके दिवशी तिची अख्खी रास दुसऱ्या प्रतीत टाकली, कड एके जागी जाड आहे म्हणून. ती हातात कुंचला घेऊन जिना उतरून आली. "कुठे जाड आहे, दाखव," म्हणाली. मी दाखवलं. तिने ताट उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आहे जाड. पण तुझ्याशिवाय जगात कुणाला दिसणार होतं?" त्यानंतर आम्ही लग्न केलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हिच्यातली बारीकशी जाड कड जगात फक्त मला दिसते, आणि आता कार्यालयातल्या एका पोराने वीसेक प्रश्नांत तिला टिचकवून असा नाद काढला होता जो माझ्या कानाने कधी टिपला नव्हता.

मग मी मनाची समजूत काढायला लागलो. ती शिकवलेलं बोलली असेल. माझ्या मागे स्टेफानियाबाईंनी तिला वेगळं पढवलं असेल. बायका बायकांना पढवतात. हे मला इतकं पटलं की मी कचरा टाकायच्या निमित्ताने दुसऱ्या मजल्यावर थांबलो. स्टेफानियाबाई जिन्यात मटार सोलत होत्या. "तुम्ही दानुताला 'हो' म्हणायला शिकवलंत का?" "नाही बाबा. का रे?" "ती म्हणाली, एकटीसुद्धा जाईन." बाईंनी मटार सोलायचं थांबवलं. त्यांचं गणित चालू झालेलं मला दिसलं. "'जाईन' ठीक आहे," त्या म्हणाल्या, "'जाईन'ने माणूस तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो. पण 'एकटीसुद्धा'ला वेगळे गुण नाहीत, झेनेक. ते मी कुणाला शिकवत नाही. ते तिने आपल्या पदरचं घातलंय." आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बादली सरळ धर, गळतीय." मी बादली सरळ धरली आणि खाली उतरलो. एका शब्दाला गुण नाहीत, म्हणजे तो शब्द खरा. कार्यालयाला त्याचा उपयोग नव्हता. तो ज्याच्यासाठी होता त्याच्यासाठी होता, आणि तो कोण असेल याचा विचार करत मी कितीतरी दिवस लोकांच्या न्हाणीघरांत फरशा वाकड्या बसवल्या.

दुसऱ्या गटाला सल्लागार मिळतो. दानुताला तोच मिळाला, खिडकीतला. त्याचं नाव तिमॉन. ती दर आठवड्याला त्याच्याकडे जायला लागली आणि परत आल्यावर, मी न विचारता, सांगायला लागली. "तिमॉनसाहेबांनी विचारलं, काय करताना तुमचं वेळेचं भान जातं." "मग?" "मी म्हटलं, कड काढताना." चमचा माझ्या तोंडाशी होता. मी काय उत्तर अपेक्षित धरलं होतं कोण जाणे. आम्ही एकदा समुद्रावर गेलो होतो, तिथे आमची परतीची गाडी चुकली होती; ते मला भान गेल्यासारखं वाटलं होतं, पण बहुधा ते माझंच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. तिसऱ्या खेपेला, तुम्हाला कशाची भीती वाटते. परका पुरुष माझ्या बायकोला महिनाभर असे प्रश्न विचारत होता, तेही सरकारी खर्चाने, आणि मी इतक्या वर्षांत तिला जे प्रश्न विचारले ते आठवून पाहिले तर त्यांतले बहुतेक सार उरलंय का, किल्ली कुठेय आणि खिडकी लावू का, याच्या पलीकडे जात नव्हते. "भीतीचं काय सांगितलंस?" मी विचारलं. "ते तिथलं तिथे," ती म्हणाली आणि ताटं उचलली.  शेवटी न राहवून मी कार्यालयातल्या माझ्या सहीच्या दिवशी मुद्दाम लवकर गेलो आणि अर्धवट उघड्या दारातून त्याला पाहिलं. बारीक, सर्दीने लाल झालेलं नाक, कोपरावर उसवलेला स्वेटर. डब्यातून उकडलेलं अंडं काढून तो कागदांवर टरफलं पडू नयेत म्हणून जपून सोलत होता. जळावं असा तो माणूसच नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला. देखणा असता तर निदान मला समजलं असतं की तिला काय हवंय.

तिला काय हवंय ते त्यालाच आधी समजलं. व्रोत्सवाफ या मोठ्या शहरात दातांची एक प्रयोगशाळा होती, तिथे चिनी मातीचे दात करतात, थर देऊन, रंगवून, भट्टीत घालून. सहा महिने शिकायचं, काम जमलं तर तिथेच राहायचं. "माणसं शोधतायत, पण हात थरथरत नाही अशी मिळत नाहीत," ती म्हणाली आणि टेबलावर आपला हात पसरून बघत बसली. मीही बघितला. थरथरत नव्हता. "रोज जा-ये करता येते," मी म्हणालो, "लोक करतात." "भट्टी सहाला पेटवतात. मी कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे राहीन, ती आता तिथेच असते. तिची एक खोली रिकामी आहे." म्हणजे खोलीसुद्धा बघून झाली होती. "अजून जागा मिळालेली नाही," ती पुढे म्हणाली, जशी काही मला धीर देत होती.

जागा मिळाल्याचा फोन आला तेव्हा ती गावाबाहेरच्या आमच्या बागेच्या तुकड्यात काकड्यांना पाणी घालायला गेली होती. फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. पडद्यावर नाव आलं, 'तिमॉन'. 'कार्यालय' नाही, 'साहेब' नाही, नुसतं तिमॉन. मी उचलला. "दानुताबाई आहेत का?" "बागेत गेलीय. मी नवरा." "बरं झालं भेटलात. निरोप द्याल का? दातांच्या तिथली जागा मिळाली. उद्या नऊला सहीला यायला सांगा, नाहीतर ती पुढच्याकडे जाते." "आणि आली नाही तर?" तो शिंकला, माफी मागितली. "मग त्यांची इच्छा नाही असं धरलं जातं. मी धरत नाही, यंत्र धरतं. गटही बदलू शकतो." "तुम्हाला काय वाटतं," मी विचारलं, "आहे का तिची इच्छा?"  "ते तुम्हालाच जास्त माहीत असणार," तो अदबीने म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी आनंदाने फोन आपटला असता.

मी ओट्याशी उभा राहिलो. इतकं सोपं काम आयुष्यात माझ्याकडे कधी आलं नव्हतं. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. मी उद्या नऊपर्यंत गप्प बसलो की दानुताची इच्छा नव्हती असं यंत्रात लिहिलं जाणार होतं, ती खाली घसरून माझ्या शेजारी तिसऱ्या गटात येणार होती आणि आम्ही पुन्हा एका प्रतीचे होणार होतो. छाननीच्या खोलीत हे सगळ्यांना येत असे. बारीक डागावर अंगठा ठेवून ताट दाखवलं की मुकादमालाही दिसत नसे. मी मनातल्या मनात त्या फोनवर अंगठा ठेवून पाहिला. बीटचं सार गॅसवर होतं, ते ढवळत होतो आणि तिचं नसलेलं जाणं चाखून बघत होतो. गोड लागलं, खोटं कशाला सांगू. मग पुढचं दिसायला लागलं. ती राहणार, समोर बसणार, सार वाढणार, आणि तो शब्द तसाच तिच्या आत राहणार, आता जाऊन बोलायला खिडकीसुद्धा नाही. झाकलेला तडा पहिल्या गरम साराला बोलतो, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. चांगुलपणाचा यात संबंध नाही. मला आमचा माल परत येण्याची भीती वाटली.

ती आली, हाताला काकडीच्या वेलाचा वास होता. बसली, सारात मलई घातली. "फोन वाजला का?" "वाजला." "कुणाचा?" मी दोन चमचे सार प्यालो. "तुझ्या तिमॉनचा." "'तुझ्या' कशाला?" "जागा मिळाली. उद्या नऊला सही." तिने चमचा खाली ठेवला. आनंद तिच्या चेहऱ्यावर यायला निघाला होता आणि माझ्याकडे बघून दारातच थांबला, ते मी पाहिलं, आणि त्या थांबलेल्या आनंदाचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. "एक सांग," मी म्हणालो, "एकटीसुद्धा, हे कुठून आलं? त्याला गुण नाहीत." "ठाऊक आहे." "मग?" "तुझ्या खिडकीतून आलं." मला कळेना. "तुझी बाई तुला विचारत होती, अडचण काय. आपलं काय ठरलं होतं?" "तब्येत." "आणि तू काय म्हणालास?" मी पाव मोडून सारात टाकला. "ती काच आहे झेनेक, भिंत नव्हे. बायको हलायची नाही म्हणालास. इतक्या खात्रीने म्हणालास की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग त्या पोराने मला विचारलं. तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तोंड उघडलं तर ते निघालं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं." "म्हणजे मी बोललो नसतो तर..." "ते मला काय माहीत?" ती म्हणाली. "सार आंबट झालंय."

सोमवारी ती गेली. बॅग छोटी होती, कुंचले कापडात गुंडाळून वर ठेवले होते. सुरुवातीला दर शनिवारी यायची. जेवताना मला दिव्याखाली तोंड उघडायला लावायची. "माणसाचा दात पांढरा नसतोच मुळी. टोकाला निळसर असतो, मुळाशी मधासारखा. तुझा तर बघ, राखाडीच आहे." इतक्या वर्षांत तिने माझ्या तोंडात कधी डोकावलं नव्हतं, आता डोकावत होती ते दिवसभर परक्यांच्या तोंडांचा विचार करण्याच्या सवयीने. ज्यांना मी कधी बघणार नव्हतो अशा लोकांच्या हसण्यात माझ्या बायकोचा हात राहणार होता. मग भट्टीचं काम शनिवारीही निघायला लागलं. मी घरी एकटाच तिसऱ्या प्रतीच्या ताटात जेवायचो, आणि शांतता, जी मी मागून घेतली होती, ती समोरच्या खुर्चीत बसलेली असायची.

एका सकाळी अंगावरच्या फरशीच्या धुळीसकट मी बोझेनाबाईंच्या खिडकीत जाऊन बसलो. गट बदलायचाय, म्हणालो. "परिस्थिती बदलली असेल तरच बदलता येतो," त्या म्हणाल्या, "काय बदललं?" "बायको गेली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे, कामाला गेली. व्रोत्सवाफला." "बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तेच प्रश्न सुरू झाले. यावेळी मी काही ठरवून गेलो नव्हतो. वेगळं काम शिकाल का? शिकेन. कमी पगारावर? चालेल. पहाटे? उठतोच. शहर सोडण्याची तयारी? "आहे." पलीकडची खिडकी रिकामी होती, काचेत नुसता भिंतीचा रंग होता, आणि माझं 'आहे' ऐकायला तिथे कुणी नव्हतं. "ही तयारी कशामुळे झाली?" "मत्सरामुळे," मी म्हणालो. बोझेनाबाईंनी यंत्रावरची यादी वरखाली केली. "असं काही यात नाही." "जवळचं काय आहे?" "'स्वतःची प्रगती' आहे." "तेच टाका." त्यांनी टाकलं. यंत्राने मागच्यापेक्षा बराच कमी वेळ घेतला. "पहिला," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडी सहानुभूती होती. "तुम्ही स्वतःचं स्वतः बघू शकता. आमच्या मदतीची तुम्हाला गरज नाही." मग मला पत्त्यांचा एक कागद आणि शुभेच्छा मिळाल्या.

तो कागद घेऊन मी पायऱ्यांवर उभा राहिलो आणि दानुताला फोन लावला. तिने उचलला. मागे बारीक घासण्याचा आवाज येत होता, कुणीतरी हसलं, पुरुष होता. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही. मी तिकडे येऊ का?" "कशाला?" मी कार्यालयात इतक्या प्रश्नांना उत्तरं देऊन आलो होतो, पण हा त्यांत नव्हता. "माहीत नाही," मी म्हणालो. घासण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "राहायला?" "ते तू सांग." मागे घासणं चालूच राहिलं. मी घाई केली नाही. नाद संपेपर्यंत ऐकत राहणं मला येतं.

"शनिवारी ये," ती शेवटी म्हणाली. "रविवारी परत जा. पुढचं मग बघू. आता ठेवते, भट्टीतून एकाची दाढ काढायचीय."

कुणाची, ते मी विचारलं नाही.